पोस्टडॉक, भारतात जन्म: ग्रीन कार्डासाठी एनआयडब्ल्यू आत्ता टाकू की ईबी-१ए साठी थांबू?

सोलापूरची_केमिस्ट
नमस्कार मंडळी. पुण्याला एनसीएलमधून पीएचडी केली, आता मिशिगनमध्ये पोस्टडॉक करतेय, विषय सोडियम-आयन बॅटरीचे कॅथोड. जे-१ वर (एक्सचेंज व्हिसा) आहे, नवरा जे-२ वर (जोडीदाराचा व्हिसा), त्याला वर्क परमिट मिळालंय. पेपर चौदा, सायटेशन्स चारशेच्या वर, जर्नल्ससाठी रिव्ह्यूसुद्धा बऱ्यापैकी केलेत. एक वकील म्हणतात एनआयडब्ल्यू (देशहिताच्या कारणावर आपणच करायचा ईबी-२ गटातला ग्रीन कार्डाचा अर्ज) लगेच टाका, दुसरे म्हणतात भारतात जन्मलेल्यांना त्याचा काही उपयोग नाही, दोन वर्षं थांबून सरळ ईबी-१ए (असाधारण प्रावीण्याचा, हाही आपणच करायचा) करा. नवरा म्हणतो युनिव्हर्सिटीलाच विचार, ते ईबी-१बी (नामवंत संशोधकासाठी नोकरी देणाऱ्याने करायचा अर्ज) करतील. त्यात माझ्या व्हिसावर ते दोन वर्षं भारतात परत जायचं कलम छापलेलं आहे, म्हणजे मुळातच सगळं अडकलंय की काय? डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे, तेव्हाच स्टॅम्पिंगही (पासपोर्टवर नवा व्हिसा) करायचंय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज, झोप लागत नाहीये.

जुना_पोस्टडॉक
ताई, आधी ते दोन वर्षांचं कलम बघा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. व्हिसावर छापलंय म्हणजे ते लागूच आहे असं नाही. बहुतेक भारतीयांना ते स्किल्स लिस्टमुळे (कुठल्या देशाला कुठली कौशल्यं हवीत याची अमेरिकेची यादी) लागायचं, आणि ९ डिसेंबर २०२४ पासून त्या यादीतून भारताचं नाव काढलंय, आधी आलेल्यांनाही हा बदल लागू होतो. फक्त फुलब्राइटसारखे सरकारी पैसे असतील तर ते कलम राहतं. तुमचा डीएस-२०१९ (जे-१ चा मूळ फॉर्म) काढा, फंडिंगच्या रकान्यात काय लिहिलंय बघा, शंका असेल तर स्टेट डिपार्टमेंटकडून अ‍ॅडव्हायजरी ओपिनियन (कलम लागू आहे का याचं लेखी मत) मागवा.

आता एनआयडब्ल्यूचा उपयोग नाही हे मला अजिबात पटत नाही. रांग लांब आहे हे खरं, वर्षाला सगळ्या जगाला मिळून साधारण १ लाख ४० हजार नोकरीची ग्रीन कार्डं, त्यात नवराबायको मुलं सगळी मोजली जातात आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे २०२५ साल संपलं तरी ईबी-२ इंडियाची तारीख २०१३ मध्येच होती, म्हणजे २०१३ मध्ये रांगेत लागलेल्यांचा नंबर तेव्हा येत होता. पण ईबी-१ इंडियासुद्धा तेव्हा २०२२ मध्येच होती ना! म्हणजे दोन वर्षांनी ईबी-१ए मंजूर झालं तरी थांबायचंच आहे, आणि तेव्हा तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेत नाव लागल्याची तारीख) कुठली असेल हा खरा प्रश्न. आज टाकलेलं एनआयडब्ल्यू मंजूर झालं तर हीच तारीख उद्याच्या ईबी-१ ला लावता येते. थांबलात तर ती दोन वर्षं गेली, परत मिळत नाहीत. माझ्या ओळखीत फार हुशार माणसं 'प्रोफाइल अजून थोडं भक्कम होऊ दे' म्हणत बसलीयेत, मला खरंच वाईट वाटतं.

रेवा_ह्यूस्टन
+१. पण डिसेंबरचं नीट ऐक ग. जे-१ मध्ये इथे कायम राहायचा इरादा चालत नाही, आय-१४० (एनआयडब्ल्यू, ईबी-१ सगळे ज्या फॉर्मवर टाकतात तो) टाकून मुंबईला स्टॅम्पिंगला गेलीस तर व्हिसा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. सगळ्यात बरं म्हणजे कलम लागू नाही हे कळलं की युनिव्हर्सिटीकडून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) मागून घे, युनिव्हर्सिटीला लॉटरी नसते आणि एच-१बी ला आय-१४० चालतं. मात्र बदल इथे अमेरिकेत असतानाच करून घे, सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी साठी एक लाख डॉलरच्या फीचं प्रकरण सुरू झालं.

आणि नवऱ्याचं वर्क परमिट! तू एच-१बी वर गेलीस की तो एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) जातो आणि काम बंद, तुझं आय-१४० मंजूर होईपर्यंत. मंजूर झालं की त्याला एच-४ ईएडी (वर्क परमिट) मिळतो, तुझा एच-१बी सहा वर्षांच्या पुढेही वाढतो. हे सगळं एनआयडब्ल्यूच्या आय-१४० वर होतं, मग उपयोग नाही कसं म्हणतात हे वकील लोक?

कागदपत्रं_काका
थोडा वेगळा सूर लावतो. टाका, पण घाईत कच्चं टाकू नका. २०२४ पासून एनआयडब्ल्यू पूर्वीसारखं सहज होत नाही, आणि नामंजूर झालं तर पुढच्या प्रत्येक आय-१४० मध्ये आधी अर्ज केला होता हे लिहावं लागतं. एनआयडब्ल्यूची आजची कसोटी २०१६ च्या धनसर निकालातून आली, तो अर्जदार हायपरसॉनिक इंजिनांवर काम करणारा संशोधक होता. तिथे तुमचे पेपर किती यापेक्षा पुढे तुम्ही काय करणार आणि देशाला त्याचं काय, हे बघतात. तुमचा विषय त्यासाठी चांगला आहे, पण 'बॅटरी महत्त्वाच्या आहेत' एवढ्यावर भागत नाही, तुमच्या कॅथोडने नेमकं काय बदलतं ते लिहा.

ईबी-१ए बद्दल: दहापैकी तीन निकष. पेपर हा पहिला, रिव्ह्यू हा दुसरा, हे दोन जवळपास प्रत्येक पोस्टडॉककडे असतात. घोडं अडतं तिसऱ्यावर, म्हणजे क्षेत्रात मोठा फरक पडला असं मूळ योगदान. २०१० च्या कझारियन खटल्यातला अर्जदार भौतिकशास्त्रज्ञच होता, त्याचे हेच दोन निकष कोर्टाने मान्य केले आणि तिसऱ्याअभावी नकार कायम राहिला, ओळखीच्या प्राध्यापकांची पत्रं पुरली नाहीत. म्हणून आत्तापासून हुडका, तुमचं काम कोणी नुसतं रेफरन्समध्ये न टाकता प्रत्यक्ष वापरलंय, तुमची पद्धत घेऊन पुढे गेलंय. ज्यांच्याशी तुमचा काही संबंध नाही अशांची पत्रं मिळवा, आणि त्यांनी काय वापरलं हे त्यांच्या शब्दांत येऊ द्या. वकिलाच्या साच्यातली पत्रं वाचणाऱ्याला पहिल्या पानावर कळतात.

ईबी-१बी ला सहापैकी दोनच निकष लागतात, पण तीन वर्षांचा अनुभव आणि कायमस्वरूपी संशोधनाची नोकरी हवी. वर्षावर्षाने वाढणारी पोस्टडॉकची जागा सहसा त्यात बसत नाही. रिसर्च सायंटिस्ट झालात की नक्की विचारा.

सोलापूरची_केमिस्ट
सगळ्यांचे मनापासून आभार. डीएस-२०१९ काढून बघितला, फंडिंगमध्ये फक्त युनिव्हर्सिटीचं नाव आहे. नवऱ्याच्या परमिटचं तर डोक्यातच आलं नव्हतं. काका, एका कोरियन ग्रुपने माझी कोटिंगची पद्धत वापरलीये, त्यांच्याशी कधी बोलणं नाही, सरळ मेल करून पत्र मागितलं तर चालतं का?

कागदपत्रं_काका
चालतं. फक्त त्यांच्या पेपरमधला तुमची पद्धत वापरलेला परिच्छेद मेलमध्येच टाका, आणि तुमचा सीव्ही सोबत जोडा.

रेवा_ह्यूस्टन
आणि एच-१बी चं पीआयशी (तुझ्या लॅबच्या प्रोफेसरशी) याच आठवड्यात बोल, इंटरनॅशनल ऑफिसला वेळ लागतो. तो बदल चालू असताना देशाबाहेर गेलीस तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात, त्यामुळे लग्नाच्या तारखा त्यांना आधीच सांगून ठेव.