मेनिंजायटिसची लस आहे, मग साथी अजून का येतात?

रानवारा:
आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत जो मेनिंजायटिसचा (मेंदूवरच्या आवरणाला सूज येण्याचा आजार) पट्टा म्हणतात त्याबद्दल वाचत होते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख केसेस आणि २५ हजार मृत्यू. नंतर लस आली, मोठमोठ्या मोहिमा झाल्या, तरी साथी येतातच आहेत. लस चालत नाही की पोचत नाही? जाणकारांनी सांगा प्लीज.

लॅबकोट:
लस चालते, आणि जबरदस्त चालते! पण हा आजार करणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूचे ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय असे गट आहेत आणि तिथे सगळ्यात जास्त धुमाकूळ ए गटाने घातला होता. डिसेंबर २०१० पासून बुर्किना फासो आणि शेजारच्या देशांत १ ते २९ वयाच्या सगळ्यांना सरसकट मेनआफ्रिव्हॅक ही ए गटावरची लस दिली, सीरम इन्स्टिट्यूटची, डोस अर्ध्या डॉलरच्याही आत, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए ची एकही पक्की केस मिळालेली नाही.
जुनी पॉलिसॅकराइड लस (जंतूच्या आवरणातल्या नुसत्या साखरेची) फक्त टोचलेल्याला वाचवायची, तेही थोडी वर्षं, त्याच्या घशात जंतू असला तर तो तसाच राहायचा आणि खोकल्यातून, जवळच्या सहवासातून दुसऱ्याकडे जायचा. मेनआफ्रिव्हॅक ही कॉन्जुगेट लस, म्हणजे तीच साखर प्रथिनाला जोडलेली, ती घशातलाच मुक्काम मोडते, म्हणून न टोचलेलेही वाचले.
आता साथी येतात त्या मुख्यतः सी, डब्ल्यू, एक्सच्या. त्यासाठी ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशी पाच गटांची लस आलीये, २०२४ मध्ये नायजेरियाने सगळ्यात आधी सुरू केली. ती रुटीन लसीकरणात जायलाच हवी, साथ आल्यावर धावपळ करेपर्यंत बरीच माणसं आधीच आजारी पडलेली असतात.

वॉर्ड_ड्युटी:
वरच्यात भर. न्यूमोकॉकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या दुसऱ्या जंतूंनीही मेनिंजायटिस होतो, लहान मुलांच्या त्या लसी चुकवू नका. आणि लस कितीही चांगली असली तरी वेळ फार कमी मिळतो हो, सहातला एक पेशंट दगावतो, कित्येकांचं ऐकू येणं कायमचं जातं. तपासणीसाठी पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी गढूळ आलं की रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात. मेनिंगोकॉकस असेल तर घरातल्यांनाही सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध देतात.

रानवारा:
खूप खूप आभार दोघांचे. अंगावर पुरळ येतं म्हणतात ते कसं ओळखायचं?

वॉर्ड_ड्युटी:
पुरळावर काचेचा ग्लास दाबून बघा, डाग फिके झाले नाहीत तर तडक हॉस्पिटल. त्वचा सावळी असेल तर तळहात-तळपाय बघा. पण पुरळाची वाट बघत बसू नका, खूप जणांना ते येतच नाही. ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, गुंगी, एवढ्यावरच निघा.