मात्रा आणि तिचा भाऊ 'मात्र'

तबलजी मोजतो ती मात्रा, वैद्य देतो ती मात्रा आणि 'के'च्या डोक्यावरची मात्रा हे तीन वेगळे शब्द आहेत का? माझ्या मते शब्द एकच. मुळाशी संस्कृत 'मा' हा धातू, अर्थ मोजणे. मान, माप, प्रमाण, परिमाण, अनुमान हे सगळे त्याच घरातले.

छंदात मोजायचा असतो उच्चाराचा वेळ. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. आर्या या छंदाच्या पहिल्या अर्धात 30, दुसऱ्यात 27. तालातही वेळच मोजतात, पण तिथली मात्रा लवचिक. तीनताल विलंबितात, म्हणजे संथ लयीत, 16 मात्रांचा आणि द्रुतात, म्हणजे जलद लयीतही, 16चाच, फक्त एकेका मात्रेची लांबी बदलते.

औषधाचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. आधी मात्रा म्हणजे औषध किती घ्यायचं ते माप. पुढे मराठीत ते मापच औषधाचं नाव होऊन बसलं. हेमगर्भाची मात्रा सहाणेवर उगाळून चाटवतात, तेव्हा 'मात्रा' म्हणजे ती वस्तूच. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' यातली मात्रा हीच, वैद्याच्या बटव्यातली. तालाशी तिचा संबंध नाही.

लिपीतली मात्रा हिंदीत सगळ्याच स्वरचिन्हांना म्हणतात. आपल्याकडे काना, वेलांटी, उकार यांना आपापली नावं असल्यामुळे मात्रा उरली ती शिरोरेषेवरच्या तिरप्या रेघेपुरती. जुन्या नागरी पोथ्यांत ही रेघ अक्षराच्या डावीकडे उभी काढलेली दिसते, ती पृष्ठमात्रा.

मला खरं कुतूहल वाटतं ते 'मात्र'चं. 'लेशमात्र' म्हणजे लेशाएवढंच, अगदी थोडं. आणि 'प्राणिमात्र' म्हणजे? जेवढे म्हणून प्राणी तेवढे सगळे! एकच शब्द एकीकडे 'फक्त' आणि दुसरीकडे 'झाडून सारे'. दोन्हीकडे अर्थ 'तेवढं माप' एवढाच. माप लहान की मोठं ते आधीचा शब्द ठरवतो. 'सगळे आले, ती मात्र आली नाही' यातही 'मात्र' तिच्याभोवती रेघ ओढून तिला बाकीच्यांपासून वेगळी काढतो. मग त्याला 'पण'चा वास लागतो. म्हणून 'पण मात्र' असं जोडीनं लिहिलेलं मला खटकतं, दोघांपैकी एक पुरे.

जाता जाता: 'मोठ्या मात्रेत पाऊस' ही हिंदीची छाया. मराठीत पाऊस मोठ्या प्रमाणात पडतो, किंवा नुसताच खूप पडतो.