कोकण रेल्वेच्या लांबच्या प्रवासात कोणते विणकाम न्यावे?

टाकेवाली, दादर
पुढील महिन्यात मी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्स्प्रेसने एर्नाकुलमला मुलीकडे निघाले आहे. तिच्या बाळंतविड्यातील टोपडे आणि मोजे अजून सुरूही झालेले नाहीत, म्हणून एक दिवस आणि एक रात्र सलग हाताशी असलेला हा प्रवास मी विमान सोडून मुद्दाम निवडला आहे. आजवर माझे क्रोशाचे काम लोकलच्या महिला डब्यातच झाले, तेही बसायला जागा मिळाली तर. लांबच्या गाडीत काय न्यावे आणि कोणता बर्थ घ्यावा, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. पांढरी लोकर आणून ठेवली आहे.

मुकाखांब, डोंबिवली
ताई, ती लोकर घरीच राहू द्या. एर्नाकुलमच्या दमट हवेत लोकरीचे टोपडे बाळाला सोसणार नाही. सुती दोरा घ्या, आणि तोही फिकट पिवळा किंवा पोपटी असावा, कारण रत्नागिरीच्या अलीकडे, उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. डब्यात दिवे असले तरी तेथे पांढऱ्यावर पांढरा टाका मला कधी नीट दिसलेला नाही. एखादा खांब (क्रोशाचा उभा टाका) निसटतो आणि दोन ओळी पुढे गेल्यावर कळते. बोगद्यात नुसते मुके खांब, म्हणजे सर्वांत साधे बुटके टाके, घालत राहावे, वाढवायचे टाके उजेडात घ्यावेत आणि प्रत्येक फेरीच्या आरंभी वेगळ्या रंगाचा दोरा अडकवावा.

दुसरी गोष्ट दोऱ्याच्या गुंड्याची. एकदा माझा गुंडा मांडीवरून सुटला तो चार कप्पे ओलांडून थेट दाराशी गेला, आणि वाटेत एका आजोबांच्या चपलेला, एका ट्रंकेच्या कडीला आणि चहावाल्याच्या पायाला वेढे घालून बसला. चहावाला फार समजूतदार निघाला; त्याने किटली खाली ठेवून स्वतः गुंता सोडवला. तेव्हापासून मी झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा नेते. गुंडा आत, दोरा भोकातून बाहेर. भोकाची कड मात्र घासून घ्यावी, नाहीतर दोरा पिंजतो.

बर्थ बाजूचा खालचाच घ्या. तेथे मधला बर्थ नसल्याने रात्री दहानंतरही पाठ ताठ ठेवून बसता येते, आणि खिडकी आपली एकटीची असते. तिकीट आरएसीचे (अर्ध्या बर्थचे) असेल तर मात्र तो दोघांत वाटून घ्यावा लागतो.

धावदोरा, गिरगाव
वरील सूचना योग्य आहेत. फक्त टोपड्याच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. ज्या कामात सतत मोजावे लागते ते काम कोकणातून जाताना नेऊच नये, कारण वाशिष्ठी नदी आली की नजर खिडकीकडे जाते आणि आकडा विसरतो. त्यापेक्षा जुन्या मऊ सुती साडीचे दोन-तीन थर घरीच टाचून घ्यावेत आणि गाडीत दुपट्याला धावदोरा घालावा. तो कोठेही थांबवता येतो, आणि मांडीवर पसरलेले काम पाहून शेजारच्या बायका आपणहून टाके घालायला पुढे येतात. माझ्या एका दुपट्याची एक कड अशीच कणकवलीपर्यंत परक्या हातांनी भरली गेली. पुरुषाने सुईदोरा घेतलेला पाहून काही जण हसतात, त्याकडे लक्ष देऊ नये. सुई मात्र बर्थवर कधीही ठेवू नये. डबीच्या झाकणाला आतून लोहचुंबक चिकटवून तिला तेथेच विसावू द्यावे.

टाकेवाली, दादर
दोघांचेही आभार. मोजे मुक्या खांबांचे करीन, दुपटे टाचून सोबत घेईन आणि टोपडे एर्नाकुलमला पोहोचल्यावर विणीन. बर्थचा प्रश्न मात्र उरला आहे, कारण जावयांनी परस्पर तिकीट काढून ठेवले आहे आणि ते मधल्या बर्थचे आहे. कोणी अदलाबदल करून दिली तर ठीक, नाहीतर रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत दोऱ्याचा डबा बंद.