हिप रिप्लेसमेंट पुढून की मागून? आणि लिफ्ट नसलेल्या घराची तयारी

गिरगावकर
नमस्कार मंडळी. आई, वय ६८. उजव्या खुब्याची कूर्चा पार झिजली आहे, हिप रिप्लेसमेंट ठरलंय. एक सर्जन म्हणतात पुढून करू, स्नायू कापावे लागत नाहीत. दुसरे मागून करतात, म्हणतात काही महिन्यांनी फरक उरत नाही. आईच्या कमरेच्या मणक्यांत ४ वर्षांपूर्वी स्क्रू बसवलेत, मधुमेहही आहे. चाळीचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला, भारतीय पद्धतीचा. गणपती झाले की ऑपरेशन करायचं आहे. कुठला मार्ग घ्यावा आणि घरात आधी काय करून ठेवावं?

ऑर्थो_परळ
स्क्रूचं दोघांनाही सांगितलंत का? मार्गाच्या आधी तो मुद्दा येतो. आपण बसतो तेव्हा कटी (कमरेखालचं हाडांचं कडं) मागे कलते, तिच्यातल्या वाटीचं, म्हणजे सांध्याच्या खोबणीचं, तोंड पुढे उघडतं आणि मांडीला वर यायला जागा मिळते. मणके जखडलेले असले की हे कलणं होत नाही. मग मांडीचं हाड वाटीच्या पुढच्या कडेला अडतं आणि त्याच्या टोकाचा गोळा वाटीतून मागून निसटतो. म्हणून कमरेचे बाजूने दोन एक्स-रे काढून घ्या, एक उभ्याने, एक बसून. त्यावरून वाटीचा कोन ठरवतात. गोळा ३२ मिलिमीटरचा की ३६ चा, आणि ड्युअल मोबिलिटी वाटी (दोन ठिकाणी फिरणारी, सहज न निखळणारी) लागेल का, हेही विचारा.

पुढून जाताना दोन स्नायूंच्या फटीतून जातात, त्यामुळे पहिले काही आठवडे चालणं जरा सोपं जातं. पण मांडीच्या बाहेरच्या त्वचेची नस तिथूनच जाते. तिथे बधिरपणा येतो, काहींचा जातच नाही. पोट सुटलेलं असेल तर जांघेची घडी घामाने ओली राहते आणि जखम चिघळते. शिवाय मांडीच्या हाडात कृत्रिम सांध्याचा दांडा बसवायला जागा अडचणीची, हात बसलेला नसेल तर हाड तडकतं. मागून जाताना मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू हाडापासून सोडवून शेवटी पुन्हा शिवतात. ती शिवण जुळेपर्यंत, ६ ते १२ आठवडे, जपावं लागतं. बाजूचा मार्गही आहे, पण त्यात पुठ्ठ्याचा स्नायू अशक्त राहिला तर लंगडणं मागे राहतं.

दुसऱ्या सर्जनचं म्हणणं बरोबर आहे. दोघांना एवढंच विचारा: या मार्गाने वर्षाला किती करता, त्यांतले किती निखळले, किती हाडं तडकली? महिन्याला एखादं पुढून करणाऱ्यापेक्षा आठवड्याला चार मागून करणारा सर्जन मी केव्हाही निवडेन.

फिजिओ_दादर
मागून झालं तर मांडी पोटाकडे ९० अंशांच्या वर वाकवणं नाही, पायावर पाय नाही, पाऊल आत वळवणं नाही. पुढून झालं तर पाय मागे ताणून पाऊल बाहेर वळवणं टाळायचं. काही सर्जन हल्ली हे नियम सैल करतात, पण कमरेत स्क्रू असताना मी करणार नाही. घर मागच्या नियमांनीच लावा.

आईंना उभं करून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. १६ इंच भरले तर खुर्ची, पलंग, कमोड सगळं किमान १८ इंच. पलंग माणूस बसवून मोजा, कापसाची गादी दबते. खुर्ची हातांची आणि घट्ट बैठकीची हवी. उठताना आधी कडेला सरकायचं, ऑपरेशनचा पाय पुढे ठेवायचा, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबायचे आणि पुढे न वाकता उठायचं. वॉकर धरून ओढायचं नाही, तो अंगावर येतो.

घरात सर्वांत जास्त चुकतं ते वळणं. उजवं पाऊल रोवून आई उजवीकडे वळल्या की मांडी आत फिरते. ओट्यापाशी उभ्या असताना मागून कोणी हाक मारली की हेच होतं. लहान लहान पावलं उचलून वळायची सवय आतापासून लावा. पलंगाची उजवी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे उतरताना तो पाय मधल्या रेषेपलीकडे जात नाही.

गॅलरीतला संडास सुरुवातीचे काही आठवडे विसरा, खोलीत कमोड खुर्ची ठेवा. वॉकर घेण्याआधी दाराची रुंदी मोजा. मोरीत रबरी चटई, पायपुसणी आणि वायरी उचललेल्या, गाऊन घोट्याच्या वर. देवघर खाली असेल तर टेबलावर न्या, नाहीतर पूजेसाठी पाटावर बसायचा मोह होणारच.

जिन्यावर वॉकर नाही. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. सराव आत्ताच सुरू करा, आणि घरी आणाल त्या दिवशी प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवा.

गिरगावकर
चाळीतल्या चौघा मुलांनी खुर्चीत बसवून वर नेलं तर?

फिजिओ_दादर
नको. जिन्यावर खुर्ची मागे कलली की आई सावरायला पुढे झुकतात आणि ९० अंश तिथेच ओलांडले जातात. मुलाचा पाय घसरला तर त्याहून वाईट. पहिले ३ आठवडे लिफ्ट असलेल्या नातेवाइकांकडे राहता आलं तर सर्वांत उत्तम. नाहीतर रुग्णालयात १०-१२ पायऱ्या चढून-उतरून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. आणि विरघळणारे टाके घालता येतील का विचारा, तीन मजल्यांची एक फेरी वाचेल.

वॉर्डसिस्टर
आईंच्या पायाची बोटं आजच फाकवून बघा. पावसाळ्यात चिखल्या झालेल्या असतात आणि त्वचा फुटलेली दिसली की ऑपरेशन पुढे ढकलतात. भेगा, किडलेला दात, लघवीची जळजळ, सगळं आधी निस्तरा. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८ टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात. चालू गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा, रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची ते तेच सांगतील. मनाने बंद करू नका.

ऑपरेशननंतरही गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध देतात, बऱ्याचदा ३५ दिवसांपर्यंत. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका. संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचं. पण एकच पोटरी घट्ट होऊन दुखली तर त्याच दिवशी दाखवा, दम लागला तर क्षणभरही थांबू नका. जखम पाचव्या दिवसानंतरही पाझरत असेल तर घरातलं अँटिबायोटिक देऊ नका, सर्जनना फोन करा. एकदम कळ आली आणि पाय आखूड किंवा वळलेला दिसला तर ओढून बसवायचा प्रयत्न नको. आहे तसं झोपवून, खायला-प्यायला न देता १०८ ला फोन करा.

आणि बसवलेल्या सांध्याचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत लावलेत ना, ते निघण्याआधी बघा. पुढे कधी वाटी बदलायची वेळ आली तर कंपनी आणि माप त्यावरूनच कळतं.