‘अनसर्व्ह्ड हाउसहोल्ड’ला मराठीत काय म्हणावं?

पर्वरी:
अमेरिकी कॉपीराइट कायद्यावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि कलम ११९ पाशी घोडं अडलंय. लेख २०१९ च्या दुरुस्तीआधीच्या नियमावर आहे: डिशवाल्या कंपनीने राष्ट्रीय नेटवर्कचं दूरच्या शहरातलं स्टेशन कुणाला दाखवावं, तर फक्त ‘अनसर्व्ह्ड हाउसहोल्ड’ला. मी ‘वंचित कुटुंब’ लिहिलंय, पण मनाला पटत नाही.

फोंडा:
‘वंचित’ नकोच. वाचणाऱ्याला एकतर रेशनकार्ड आठवेल, नाहीतर निवडणूक. ‘कुटुंब’ही नको. इथे माणसं मोजायची नाहीत, छपरावरच्या ॲन्टेनात काय येतं ते मोजायचंय. ‘सेवाहीन’ म्हणाल तर आमच्याकडे सेवा म्हणजे देवळातली.

साखळी:
कलम कशासाठी आहे ते आधी पाहा, शब्द आपोआप सुचेल. गावचं स्टेशन जाहिरातींवर जगतं. डिशवाल्याने तोच कार्यक्रम न्यूयॉर्कच्या स्टेशनवरून घरात आणला, तर गावचं स्टेशन बघणार कोण? म्हणून १९८८ साली मुभा दिली ती ज्या घरी साध्या ॲन्टेनावर स्थानिक स्टेशन नीट लागत नाही तेवढ्यांपुरती. नीट म्हणजे किती, तर सिग्नलच्या ताकदीची ‘ग्रेड बी’ ही मोजपट्टी.

ही मोजपट्टी ॲनालॉगची. तेव्हा चित्र हळूहळू बिघडायचं. आधी सावली, मग मुंग्या, पण मुंग्यांतूनही क्रिकेट बघता यायचं (सत्तरी तालुक्यात डोंगराआड राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको). डिजिटलमध्ये ही उतरण जवळजवळ नाहीच. चित्र चौकोनांत फुटतं आणि पडदा कोरा. १२ जून २००९ ला तिथल्या मोठ्या स्टेशनांनी ॲनालॉग बंद केलं, व्याख्या मात्र बंद पडलेल्या लहरींवरच बेतलेली. २०१० च्या दुरुस्तीत डिजिटलची मोजपट्टी आली. त्याच वेळी ‘छपरावरचा’ हे विशेषण गळून नुसता ‘ॲन्टेना’ उरला. त्यामुळे फोंडेकरांचं छप्पर २०१० पर्यंतच खरं.

मडगाव:
मग ‘कक्षेबाहेरचं घर’?

साखळी:
उपग्रहाच्या लेखात ‘कक्षा’ घातलीत तर घरच अंतराळात जाईल. ‘उपग्रह प्रक्षेपण’ही जपून वापरा. लोकांना रॉकेट दिसतं. ‘उपग्रहाद्वारे प्रसारण’ बरं. आणि दुसऱ्याचं प्रसारण जसंच्या तसं त्याच वेळी पुढे पाठवणं याला आकाशवाणीवर रुळलेला ‘सहक्षेपण’ हा सुरेख शब्द आहे. तो वापरत का नाहीत कळत नाही.

डिचोली:
‘स्टॅट्यूटरी लायसन्स’ला काय घेतलंय? ‘परवाना’ म्हटलं की आपल्याला पंचायतीचा शिक्का दिसतो. इथे अर्ज नाही, कुणी मंजुरी द्यायची नाही. कायद्यानेच वाट मोकळी केलीय, फक्त रॉयल्टी भरायची. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१-डी याच जातीचं: आगाऊ नोटीस द्या, ठरलेल्या दराने पैसे भरा, रेडिओ-टीव्हीवर गाणं वाजवा. मी ‘वैधानिक मुभा’ लिहीन. मात्र ‘प्रसारण’ हा शब्द सरसकट वापरू नका. टिप्स (गाण्यांची कंपनी) विरुद्ध विंक (इंटरनेटवरून गाणी ऐकवणारं ॲप) प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेटवरची गाणी ३१-डी मध्ये बसत नाहीत असं ठरवलं, आणि आपल्या गोव्याचं उच्च न्यायालयही तेच.

पर्वरी:
‘वैधानिक मुभा’ घेतो. घराला ‘स्थानिक लहरी न पोहोचणारं घर’ असं लिहितो. लांब आहे, पण चुकीची वाट दाखवत नाही. आता शेवटची अडचण. डिजिटलमध्ये एकाच स्टेशनला एका वेळी तीन-चार कार्यक्रम पाठवता येतात, म्हणून २०१० च्या व्याख्येत ‘प्रायमरी स्ट्रीम’ आणि ‘मल्टिकास्ट स्ट्रीम’ आलेत. पहिल्याला ‘मुख्य प्रवाह’?

फोंडा:
बाकीचे काय मग उपेक्षित प्रवाह? ‘मूळ वाहिनी’ आणि ‘जोडवाहिनी’ लिहा.