मदत हवी आहे: उबुंटूतल्या 'माणसांत' परका माणूस धरतात का?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या वर्गात उबुंटू (माणूसपण इतरांशी असलेल्या नात्यातून घडतं, हा दक्षिण आफ्रिकेतला विचार) आणि जागतिक नागरिकत्व यावर मराठीत २० मिनिटं बोलायचं आहे. एका जागी अडकलोय.

'उमुन्तु न्गुमुन्तु न्गाबान्तु' ही झुलू म्हण, म्हणजे माणूस माणसांमुळे माणूस होतो. पण ही माणसं कोण? आपलं कूळ, आपलं गाव, की कुणीही? दक्षिण आफ्रिकेच्या १९९३च्या अंतरिम राज्यघटनेत उबुंटू हा शब्दच आहे. १९९५ साली तिथल्या घटना न्यायालयाने फाशी रद्द केली, तेव्हा अनेक न्यायमूर्तींनी त्याचाही आधार घेतला. खुन्यालासुद्धा माणसांतून वगळलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. आणि त्याच देशात २००८ साली स्थलांतरितांवर हल्ले झाले, साठाहून जास्त जीव गेले.

मेन्किटी आणि ग्येक्ये या आफ्रिकी तत्त्वज्ञांचा वाद वाचलाय, पण तो व्यक्ती आणि समाज यांच्याबद्दल आहे. परका त्यात फारसा येत नाही. 'वसुधैव कुटुंबकम्'शी तुलना नकोय, ती सगळेच करतात. इंग्रजी चालेल, फ्रेंच येत नाही.

परक्याबद्दलचं कर्तव्य, कांट या जर्मन तत्त्वज्ञाचा टेकू न घेता, उबुंटूच्या आतूनच कुठल्या आफ्रिकी विचारवंताने मांडलंय?