मदत हवी आहे: उन्हाळ्यात समुद्रकिनारी चालताना दिसणारे किडे-प्राणी कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात सकाळी किनाऱ्यावर लांब चालायला जातो, बरोबर भाचरं असतात. पक्षी थोडेफार ओळखता येतात, पण पायाखाली जे काही चाललेलं असतं त्याबाबतीत आमची पाटी कोरी. शिंपल्यांवर वाचायला मिळतं, फुलपाखरांवर तर भरपूर मिळतं. वाळूतल्या किड्यांना मात्र कुणी वाली नाही. भाचरांचे प्रश्न काही थांबत नाहीत, म्हणून हा धागा.

सगळ्यात जास्त छळलंय ते एका किड्याने. ओली वाळू संपून कोरडी सुरू होते तिथे असतो. लांबी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, पाय लांबसडक, पाठीवर तपकिरी आणि फिकट पांढरी नक्षी. सुसाट पळतो, मधेच थबकतो, पुन्हा पळतो. जवळ गेलं की उडून चार-पाच हातांवर उतरतो आणि बहुतेक वेळा तोंड आमच्याकडेच! उडतो माशीसारखा, पण माशीला असले जबडे नसतात. फोटोत नुसती सावली येते.

दुसरं, ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक मण्यांसारख्या गोळ्या पसरलेल्या असतात, मधल्या बिळापासून चहूबाजूंना ओळी गेलेल्या. करणारा दिसत नाही. आणि वाहून आलेलं शेवाळ हलवलं की खालून टणाटण उड्या मारत पळतात ते पिसवांचे कुणी भाऊबंद का?

जाळी-बरणी वापरायची नाहीये, फक्त बघायचंय. कुठल्या वेळी जावं, नजर कुठे ठेवावी? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:

पहिला टायगर बीटल, शंभर टक्के. भुंगेऱ्यांतला शिकारी. त्या थबकण्यामागे कारण आहे: हा इतका जोरात पळतो की पळताना त्याच्या डोळ्यांना पुरेसा प्रकाशच गोळा करता येत नाही, भक्ष्य दिसेनासं होतं. म्हणून थांबायचं, नेम धरायचा, पुन्हा पळायचं. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीचा वेग सेकंदाला २.५ मीटर मोजलेला आहे. किड्याचं आकारमान लक्षात घेतलं तर हे भयंकरच झालं.

बघायचा असेल तर पाठलाग सोडा, त्यात तो नेहमी जिंकणार. कुठे उतरतो ते बघून ठेवा, खाली बसा आणि आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने हळूहळू सरका. ऊन चढलं की आणखी एक गंमत दिसेल. वाळू तापली की तो पाय ताठ करून अंग उचलून धरतो, कारण जमिनीलगतची हवा सगळ्यात गरम असते. दोन मीटरच्या आत फोकस होणारी दुर्बीण असेल तर पाठीवरची नक्षी झकास दिसते.

त्याची अळी तर आणखी बेरकी. जमिनीत सरळ उभं बीळ करते आणि चपट्या डोक्याने तोंड बंद करून बसते. मुंगी वगैरे जवळून गेली की झडप. भक्ष्याने ओढाताण केली तरी ती बाहेर खेचली जात नाही, कारण पाठीवरच्या उंचवट्याला आकडे असतात, ते बिळाच्या भिंतीत रुततात. वाळूत पेन्सिलीने पाडल्यासारखं गोल, नीटनेटकं भोक दिसलं तर थोडं लांब बसून बघा. आधी काळं झाकण दिसेल, मग ते झाकण गायब होईल.

प्रतिसाद:

टायगर बीटलला +१.

गोळ्या करणारे ते छोटे खेकडे, सँड बबलर. बीळ खणताना निघालेली माती नव्हे ती. खेकडा वाळू तोंडात घेतो, कणांना चिकटलेलं खाद्य काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून बाहेर चरत जातो, म्हणून ओळी. पुढच्या भरतीत सगळं पुसलं जातं. बीळ मोठं असेल आणि एका बाजूला वाळू भिरकावलेली असेल तर तो घोस्ट क्रॅब; डोळे दांड्यांवर, रंग वाळूचाच.

उड्या मारणारे सँडहॉपर. पिसू नाहीत, कीटकही नाहीत. कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी गोतावळ्यातले. दिवसा ओलाव्यात दडतात, रात्री बाहेर पडून कुजतं शेवाळ खातात. समुद्र कुठल्या दिशेला आहे हे सूर्यावरून ओळखतात! शेवाळ उलटलं तर होतं तसं परत ठेवा, खालचे जीव उन्हात फार वेळ टिकत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर घड्याळाआधी भरती-ओहोटी बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, त्यामुळे वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची ओहोटी असते, तेव्हा सगळ्यात जास्त वाळू उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी; फार काही उघडं पडत नाही. ओहोटी पुरती लागायच्या तासभर आधी पोचा. टायगर बीटलला मात्र ऊन लागतं, त्यामुळे परतताना त्याच्याकडे बघा.

प्रतिसाद:

वरच्या भागात, मर्यादवेल पसरलेली असते तिथे, पाय जपून टाका. चिखल्यांसारखे पक्षी उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात, ती अगदी वाळूच्याच रंगाची. पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जाताना दिसला तर तो जखमी नाही, तुम्हाला अंड्यांपासून दूर नेतोय. आल्या वाटेने मागे फिरा.

आणि निळसर फुगा वाहून आलेला दिसला तर भाचरांना हात लावू देऊ नका. तो पोर्तुगीज मॅन ओ' वॉर, जेलीफिशसारखा समुद्री जीव; मेल्यावरही डंख करतो.

धागाकर्ता:

मंडळी, मनापासून आभार! टायगर बीटलचे व्हिडिओ पाहिले, तोच तो. एक उपप्रश्न: गोळ्या दिसतात पण खेकडे काही दिसत नाहीत. आणि घोस्ट क्रॅबसाठी रात्री विजेरी घेऊन गेलं तर चालेल का?

प्रतिसाद:

सगळे एका जागी न हलता बसा. तुमच्या पावलांच्या हादऱ्याने ते आत जातात, काही मिनिटांनी एकेक करून वर येतात. भाचरं गप्प बसतील का, हा खरा प्रश्न!

रात्री घोस्ट क्रॅब सहज दिसतात. पण कासवं अंडी घालायला येतात अशा किनाऱ्यावर हंगामात विजेरी नको, उजेडाने मादी मागे फिरते आणि पिल्लं भरकटतात. बाकी ठिकाणी चालेल. पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा किड्याचा एक वरून आणि एक बाजूने काढा, आणि भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर दिसला तेही लिहा. निम्मी ओळख त्यातच होते.